अँड्रोजेन वाढलंय, पण येतंय कुठून?

हनुवटीवर राठ केस, पस्तिशीतही न जाणारी मुरुमं, भांग रुंद होत चाललाय, पाळी दोन-दोन महिने येत नाही. यातलं काही ना काही घेऊन तुम्ही, तुमची बहीण किंवा तुमची मुलगी डॉक्टरांकडे जाते. रक्त घेतलं जातं. दोन दिवसांनी पेशंट पोर्टलवर रिपोर्ट येतो आणि टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यापुढे लाल खूण दिसते. सोनोग्राफी होते किंवा होतही नाही. मग ओळखीचं वाक्य कानावर पडतं: पीसीओडी आहे, वजन कमी करा, गोळ्या घ्या.

बहुतेक वेळा ते निदान बरोबरच असतं. पण त्या रिपोर्टने एका प्रश्नाचं उत्तर दिलेलं नसतं. हे वाढलेलं अँड्रोजेन तयार कोण करतंय? अंडाशय, की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी? काही बायकांच्या बाबतीत या उत्तराने उपचार बदलतात, आणि काहींच्या बाबतीत होणाऱ्या बाळाच्या तब्येतीचाही त्याच्याशी संबंध असतो. हे उत्तर शोधणाऱ्या रक्ततपासण्या कोणत्या, त्या काय सांगतात आणि कुठे फसवतात, ते आज पाहू.

तीन ठिकाणचा माल

अँड्रोजेन्सना आपण सवयीने 'पुरुषी हार्मोन' म्हणतो, पण ती प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतात आणि असावीच लागतात. काखेतले केस, हाडांची आणि स्नायूंची ताकद, कामेच्छा या सगळ्यांत त्यांचा हात असतो. स्त्रियांमध्ये ती पुरुषांपेक्षा खूपच कमी असतात, इतकंच. प्रौढ पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, तर स्त्रीचं १५ ते ७०च्या आसपास.

स्त्रीच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तीन ठिकाणांहून येतं. ढोबळमानाने पाव हिस्सा अंडाशयांतून, पाव हिस्सा अधिवृक्क म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधून, आणि उरलेला निम्मा चरबी, त्वचा, यकृत अशा ठिकाणी. तिथे ते कच्च्या मालापासून तयार होतं आणि तो कच्चा माल पुन्हा अंडाशय आणि अ‍ॅड्रिनल हे दोघेही पुरवतात. त्यामुळे नुसता टेस्टोस्टेरॉनचा आकडा पाहून मूळ गाठता येत नाही. धरणात तीन नद्यांचं पाणी येत असेल, तर भिंतीवरच्या पातळीवरून कुठल्या नदीला पूर आलाय ते कसं कळणार? त्यासाठी एकाच नदीतून येणारी एखादी खूण पाहिजे.

ती खूण म्हणजे डीएचईए-सल्फेट, रिपोर्टवरचं नाव डीएचईए-एस.

नेपल्स, पॅरिस, शिकागो

अ‍ॅड्रिनलवरचा संशय जुना आहे. १८६५ साली नेपल्समध्ये लुइजी दे क्रेक्किओ या शरीरशास्त्रज्ञाने ज्युसेप्पे मार्झो नावाच्या व्यक्तीच्या शवविच्छेदनाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मार्झो आयुष्यभर पुरुष म्हणून जगला, दाढी होती, समाजाने पुरुष म्हणूनच ओळखला. शरीर उघडल्यावर आत गर्भाशय, गर्भनलिका आणि अंडाशय मिळाले. सोबत दोन प्रचंड वाढलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी. अखेरच्या दिवसांत उलट्या, जुलाब आणि कमालीचा थकवा होता. आज आपल्याला ठाऊक आहे की कॉर्टिसॉल आणि मीठ धरून ठेवणारं हार्मोन कमी पडलं की नेमकं असंच होतं. तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं, पण वाढलेल्या ग्रंथींची नोंद दे क्रेक्किओने करून ठेवली.

पुढे १९२१ मध्ये पॅरिसच्या शार्ल आशार आणि जोझेफ तिएर या डॉक्टरांनी 'दाढी असलेल्या स्त्रियांचा मधुमेह' असं वर्णन केलं. चेहऱ्यावरचे केस आणि साखर यांचा काही संबंध आहे, असं सुचवणाऱ्या सुरुवातीच्या वर्णनांपैकी हे एक. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल यांनी मोठ्या, अनेक गाठी असलेल्या अंडाशयांच्या सात स्त्रियांविषयी लिहिलं. आज आपण ज्याला पीसीओएस म्हणतो त्याची ही सुरुवात. मात्र आजाराच्या नावातच 'ओव्हरी' बसल्यामुळे सगळ्यांची नजर अंडाशयावर खिळली आणि अ‍ॅड्रिनल मागे पडली.

मीठ, साखर, सेक्स

अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं वजन चार-पाच ग्रॅम, आकार टोपीसारखा. तिच्या बाहेरच्या भागाचे तीन थर असतात आणि डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला ते 'मीठ, साखर, सेक्स' असे पाठ केले जातात. सर्वांत बाहेरचा थर मीठ सांभाळणारं आल्डोस्टेरॉन बनवतो, मधला कॉर्टिसॉल आणि सर्वांत आतला, रेटिक्युलारिस नावाचा, अँड्रोजेन्स.

हा आतला थर लहानपणी जवळजवळ झोपलेला असतो. सहा ते आठ वर्षांच्या सुमारास तो जागा होतो. मुलीच्या घामाला अचानक मोठ्या माणसांसारखा वास येऊ लागतो, केस तेलकट होतात, ते याच्यामुळे. विशीत त्याचं काम शिखरावर असतं आणि मग वयाबरोबर उतरत जातं. सत्तरी-ऐंशीत विशीच्या तुलनेत जेमतेम १० ते २० टक्के उरतं.

या थराचं मुख्य उत्पादन डीएचईए. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांड्ट यांनी १९३४ मध्ये ते मूत्रातून वेगळं केलं. डीएचईए स्वतः दुबळं असतं आणि रक्तात फार टिकत नाही. पण अ‍ॅड्रिनलमध्ये एक खास विकर आहे, जे डीएचईएला सल्फेटचं शेपूट जोडतं. शेपूट लागलं की तोच रेणू पाण्यात सहज विरघळतो, रक्तातल्या प्रथिनांना धरून राहतो आणि तासन्‌तास टिकतो. आपल्या रक्तात सर्वाधिक प्रमाणात फिरणारं स्टेरॉइड हार्मोन हेच. अंडाशयाकडे हे शेपूट जोडायची सोय जवळजवळ नाही. म्हणून रक्तातलं ९० टक्क्यांहून जास्त डीएचईए-एस अ‍ॅड्रिनलचं असतं.

खूण म्हणून ते सोयीचं ठरतं ते यामुळेच. कॉर्टिसॉल सकाळी चढतं, रात्री उतरतं. डीएचईए-एस दिवसभर फारसं हलत नाही, पाळीच्या कोणत्या दिवशी रक्त दिलं यानेही त्यात मोठा फरक पडत नाही. टेस्टोस्टेरॉन वाढलंय आणि डीएचईए-एस नेहमीसारखं आहे, तर बोट अंडाशयाकडे वळतं. दोन्ही वाढली असतील, किंवा नुसतं डीएचईए-एस वाढलं असेल, तर अ‍ॅड्रिनलचा वाटा आहे असं समजायचं.

एक काळजी मात्र घ्या. आकडा वयाशी ताडूनच वाचायचा. ३०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हे पंचविशीत बहुतेक प्रयोगशाळांच्या मर्यादेत बसेल. पंचावन्नाव्या वर्षी तोच आकडा खूप जास्त ठरतो.

'अ‍ॅड्रिनल पीसीओएस' म्हणून काही असतं का?

समाजमाध्यमांवर हा शब्द तुम्ही ऐकला असेल. जोडीला 'स्ट्रेसमुळे होणारा पीसीओएस' आणि त्यावरच्या पावडरी. वस्तुस्थिती अशी की पीसीओएस असलेल्या स्त्रियांपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांमध्ये डीएचईए-एस वाढलेलं सापडतं. म्हणजे अंडाशयाबरोबर अ‍ॅड्रिनलही थोडी जास्त काम करत असते. पण 'अ‍ॅड्रिनल पीसीओएस' असं वेगळं निदान कोणत्याही मान्य मार्गदर्शिकेत नाही आणि थोडंसं वाढलेलं डीएचईए-एस पाहून पीसीओएसचे उपचार सहसा बदलत नाहीत. म्हणूनच २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आधी एकूण आणि मुक्त टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगितलंय. ते नॉर्मल आलं तर पुढे अँड्रोस्टेनडायोन आणि डीएचईए-एस यांचा विचार करता येतो.

मग डीएचईए-एसचा उपयोग काय? दोन टोकांना मोठा उपयोग आहे. एक टोक म्हणजे खूपच वाढलेला आकडा, त्याकडे पुढे येऊ. दुसरं टोक जास्त फसवं आहे: डीएचईए-एस नॉर्मल, आणि तरीही दोष अ‍ॅड्रिनलमध्येच.

पाट अडला की पाणी कुठे जातं?

शेतात ज्यांनी दारं धरली आहेत त्यांना हे लगेच समजेल. पाटातून पाणी येतंय, पुढच्या सरीचं दार मातीने बुजलंय. पाणी थांबत नाही. ते साठतं आणि शेजारची सरी तुडुंब भरते.

अ‍ॅड्रिनलमध्ये कॉर्टिसॉलच्या सरीकडे जाताना एक दार लागतं, २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं विकर. सहाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात दोष असेल तर हे दार नीट उघडत नाही. कॉर्टिसॉल कमी पडतंय असं वाटून मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हार्मोन वाढवते, म्हणजे पाटाला आणखी पाणी सोडते. दाराच्या अलीकडे १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, थोडक्यात १७-ओएचपी, साठतं आणि शेजारच्या अँड्रोजेनच्या सरीत शिरतं.

दार जवळजवळ पूर्ण बंद असेल तर तो जन्मतःच दिसणारा गंभीर आजार. मुलगी जन्मली तर तिची बाह्य जननेंद्रियं मुलासारखी दिसू शकतात, आणि मीठ धरून ठेवता न आल्यामुळे बाळ पहिल्या काही आठवड्यांत दगावू शकतं. मार्झोला बहुधा याच कुळातला आजार असावा असं आज मानलं जातं. दार अर्धवट उघडत असेल, म्हणजे विकराची २० ते ५० टक्के क्षमता शिल्लक असेल, तर सौम्य प्रकार. त्याला नॉनक्लासिक सीएएच म्हणतात. कॉर्टिसॉल पुरेसं बनतं, जिवाला धोका नसतो. वयात आल्यावर केस वाढतात, मुरुमं येतात, पाळी चुकते, गर्भ राहायला वेळ लागतो. सोनोग्राफीत अंडाशयही पीसीओएससारखे दिसू शकतात.

म्हणजे समोर बसलेल्या दोन बायकांकडे पाहून कोणाला पीसीओएस आणि कोणाला नॉनक्लासिक सीएएच, हे सांगता येत नाही. डीएचईए-एसवरूनही नाही, कारण या आजारात ते बरेचदा नॉर्मल असतं. फरक करते ती १७-ओएचपीची तपासणी. पीसीओएसच्या व्याख्येतच अट आहे की तसेच दिसणारे दुसरे आजार आधी वगळायचे. प्रत्यक्षात ही एक तपासणी राहून जाते आणि 'पीसीओडी' हे नाव वीस वर्षं फाइलवर चिकटून बसतं.

ही तपासणी कधी आणि कशी केली यावर सगळं अवलंबून आहे. सकाळी आठच्या सुमारास, आणि पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत. अंडं सुटल्यानंतर अंडाशयही १७-ओएचपी बनवतो, त्यामुळे पाळीच्या उत्तरार्धात घेतलेल्या रक्तात ते उगाचच जास्त दिसतं. दुपारी घेतलं तर उगाचच कमी. नीट वेळी घेतलेला आकडा २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर हा आजार नसण्याची दाट शक्यता. त्याहून जास्त असेल तर एसीटीएचची चाचणी करतात: २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएचचं इंजेक्शन, एका तासाने पुन्हा रक्त. तेव्हा १७-ओएचपी १००० च्या वर गेलं तर निदान जवळजवळ पक्कं, मग जनुकीय तपासणीने शिक्कामोर्तब.

हा आपला आजार आहे का?

नॉनक्लासिक सीएएच म्हटलं की परदेशातल्या अनेक डॉक्टरांना पूर्व युरोपीय मूळ असलेले अश्केनाझी ज्यू आठवतात. १९८५च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात त्यांच्यात २७ जणांत एक असं प्रमाण वर्तवलं होतं. त्यामुळे समोर देशपांडे किंवा शिंदे आडनावाची बाई असली की हा आजार मनात येईलच असं नाही.

पण भारतातले आकडे पाहा. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद इथे एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी केली. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर प्रकारचा सीएएच साधारण ५,७६२ बाळांमध्ये एक आढळला. जगभरातलं प्रमाण १५,०००च्या आसपास एक असं सांगितलं जातं. म्हणजे आपल्याकडे हा आजार अजिबात परका नाही.

यावरून शाळेतल्या गणिताने आणखी एक गोष्ट काढता येते. आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. ५,७६२ मध्ये एक बाळ आजारी, तर असं एक सदोष जनुक बाळगणारे, पण स्वतः ठणठणीत असलेले लोक साधारण ३८ मध्ये एक निघतात. नात्यात लग्नं होणाऱ्या समाजांमुळे हा हिशोब थोडा इकडेतिकडे होईल. तरी गणेशोत्सवाला तुमच्या मंडळाचे दोनशे लोक जमले, तर त्यात असे चार-पाच असू शकतील.

आता मूल हवं असलेल्या स्त्रीचा विचार करा. नॉनक्लासिक सीएएच असलेल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांकडे एक सौम्य आणि एक गंभीर दोषाचं जनुक असतं. नवराही गंभीर दोषाचा वाहक निघाला, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसेल, तर अशा स्त्रियांच्या बाळांमध्ये गंभीर आजाराचं प्रमाण प्रत्यक्षात सुमारे अडीच टक्के आढळलं आहे. आधी माहीत असेल तर नवऱ्याची जनुकीय तपासणी करता येते आणि बाळावर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवता येतं. अमेरिकेत सर्व राज्यांत टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर या आजाराची तपासणी होते. ब्रिटनच्या नवजात तपासणीत सीएएच नाही आणि भारतात असा देशव्यापी कार्यक्रम नाही. बाळंतपणासाठी माहेरी जायचं ठरवत असाल, तर हे ध्यानात असू द्या.

थांबू नये अशी वेळ

आता त्या दुसऱ्या टोकाकडे. पीसीओएसचे आणि नॉनक्लासिक सीएएचचे केस वयात येताना सुरू होतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात. या उलट काही महिन्यांत भराभर केस वाढले, आवाज जाड झाला, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी पुरुषांसारखं टक्कल पडू लागलं, क्लिटॉरिस मोठी झाली, तर अ‍ॅड्रिनल किंवा अंडाशयाची गाठ नाही ना, हे ताबडतोब पाहावं लागतं. पाळी कायमची गेल्यानंतर हे नव्याने सुरू झालं, तर जास्तच.

डीएचईए-एस ७०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर अ‍ॅड्रिनलच्या गाठीचा संशय धरतात. टेस्टोस्टेरॉन २०० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर दोन्ही ठिकाणी शोध घेतात. या रेषा ठोकळ आहेत. काही गाठी याच्या खालीही सापडतात, आणि रेषेवरच्या प्रत्येकीला गाठ नसते. म्हणून लक्षणांचा वेग आकड्याइतकाच महत्त्वाचा. अ‍ॅड्रिनलच्या बाहेरच्या थराचा कर्करोग अतिशय दुर्मीळ आहे, वर्षाला दहा लाख लोकांत एक-दोन. पण तो लवकर सापडणं आणि उशिरा सापडणं यात फार मोठा फरक आहे. केसांबरोबर चेहरा गोल झाला, पोटावर रुंद जांभळट चट्टे आले, रक्तदाब आणि साखर वाढली, तर कॉर्टिसॉलही तपासतात.

माशांचं हार्मोन माणसात

गेल्या काही वर्षांत या विषयाला वेगळंच वळण मिळालंय. ११-कीटोटेस्टोस्टेरॉन हे नर माशांचं मुख्य अँड्रोजेन. सामन माशात ते साठेक वर्षांपूर्वी सापडलं आणि माणसाशी त्याचा फारसा संबंध नाही अशी समजूत होती. पुढे अतिसूक्ष्म मोजमाप करता येऊ लागलं. दक्षिण आफ्रिकेतलं स्टेलेनबॉश, अमेरिकेतलं मिशिगन आणि इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम इथल्या गटांनी दाखवलं की माणसाची अ‍ॅड्रिनलही या कुळातली अँड्रोजेन्स भरपूर पुरवते आणि ११-कीटोटेस्टोस्टेरॉनची ताकद टेस्टोस्टेरॉनच्या जवळपास आहे. २०१७च्या बर्मिंगहॅमच्या अभ्यासात तर पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या रक्तातला अँड्रोजेन्सचा मोठा हिस्सा याच कुळातला निघाला.

या रेणूंना अकराव्या जागी ऑक्सिजन जोडणारं विकर मुख्यतः अ‍ॅड्रिनलमध्ये असतं, म्हणजे ही डीएचईए-एससारखीच अ‍ॅड्रिनलची खूण झाली. आणि डीएचईए-एस नुसताच कच्चा माल आहे, तर हा रेणू स्वतः काम करतो. सीएएचमध्ये ही अँड्रोजेन्स तीन-चार पट वाढलेली आढळतात. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल असूनही केस का वाढतात, या जुन्या कोड्याचं काही उत्तर इथे असू शकेल. नेहमीच्या प्रयोगशाळांत ही तपासणी अजून सर्रास होत नाही. तिचे वयानुसार आकडेही ठरायचे आहेत.

डीएचईए-एसवर आंधळा विश्वास का ठेवू नये, याचंही एक उदाहरण २००९ मध्ये समोर आलं. एका मुलीला लहान वयातच अँड्रोजेनची लक्षणं होती, पण डीएचईए-एस अगदीच कमी. तिच्यात सल्फेटचं शेपूट जोडायला लागणारी रसदच जनुकदोषामुळे तुटली होती. शेपूट न लागलेलं सगळं डीएचईए सरळ अँड्रोजेन्समध्ये बदलत होतं. खूण नव्हती, पूर मात्र होता.

रक्त द्यायला जाण्याआधी

तपासणीतल्या बऱ्याच चुका सुई टोचायच्या आधीच झालेल्या असतात. म्हणून एवढं तपासा.

बायोटिन: केस गळतात म्हणून ज्या गोळ्या आपण सर्रास घेतो, त्यांत ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन असतं. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमची. अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांत बायोटिन वापरूनच मोजमाप होतं, आणि रक्तातलं जादा बायोटिन स्टेरॉइड हार्मोन्सचे आकडे खोटे वाढवून दाखवू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. ज्या बाईचे केस गळताहेत तीच ही गोळी घेते आणि तिचीच अँड्रोजेन्स तपासली जातात! किमान दोन-तीन दिवस आधी गोळी बंद ठेवा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

डीएचईए: अमेरिकेत हे हार्मोन व्हिटॅमिनच्या शेजारी, चिठ्ठीशिवाय मिळतं. काही वंध्यत्व केंद्रंही ते सुचवतात. ते घेत असाल तर डीएचईए-एस वाढणारच.

गर्भनिरोधक गोळ्या: यांच्यामुळे टेस्टोस्टेरॉन दबतं. गोळ्या चालू असताना केलेली तपासणी नॉर्मल आली तर तिचा फारसा अर्थ नाही. साधारण तीन महिने बंद ठेवून तपासतात, पण स्वतःच्या मनाने थांबवू नका.

पद्धत: स्त्रियांचं टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की साधी यंत्रं तिथे चुकतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजता येईल का, असं विचारा. मोठ्या प्रयोगशाळांत ती सोय असते.

एकक: पुण्याची फाइल घेऊन लंडनला किंवा ह्यूस्टनचा रिपोर्ट घेऊन दुबईला जाणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. डीएचईए-एसचे १०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे २.७ मायक्रोमोल प्रति लिटर. टेस्टोस्टेरॉनचे १०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे ३.५ नॅनोमोल प्रति लिटर. आणि १७-ओएचपीचे २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा सुमारे ६ नॅनोमोल प्रति लिटर. दोन देशांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी एकक पाहा.

केस किती म्हणजे जास्त?

१९६१ मध्ये फेरिमन आणि गॅलवे यांनी लंडनमध्ये केस मोजायची एक पद्धत काढली. आज तिच्या सुधारित रूपात शरीराच्या नऊ जागा पाहतात, प्रत्येकीला शून्य ते चार गुण. २०२३च्या मार्गदर्शिकेनुसार वंशपरत्वे एकूण ४ ते ६ गुण पुरेसे मानले जातात. यात एक मेख आहे. आपण डॉक्टरकडे जातो ते थ्रेडिंग, वॅक्सिंग आटपून. समोर केसच नसतील तर गुण कशाला देणार? किती दिवसांनी आणि कुठले केस काढावे लागतात, हे लाज न बाळगता सांगा. आणि आजी, मावशी, आई सगळ्यांनाच ओठांवर लव असेल, पाळी नियमित असेल, तर ती बहुधा घराण्याची देणगी. तिला आजार म्हणायची गरज नाही.

नॉनक्लासिक सीएएच निघाला तरी घाबरू नका. प्रत्येकीला स्टेरॉइड लागत नाही. केसांसाठी बरेचदा पीसीओएसचीच औषधं चालतात. गर्भ राहत नसेल तर मात्र हायड्रोकॉर्टिसोनचा थोडा डोस कामी येतो. तो निर्णय एंडोक्रिनॉलॉजिस्टने घ्यायचा. हा लेख त्यांची जागा घेऊ शकत नाही.

पण तुमच्या किंवा तुमच्या मुलीच्या फाइलवर 'पीसीओएस' लिहिलेलं असेल, तर एकदा जुने रिपोर्ट काढून बसा. १७-ओएचपी कधी केलं होतं का? केलं असेल तर सकाळी, पाळीच्या सुरुवातीला, की मिळेल त्या वेळी? तेव्हा गोळ्या चालू होत्या का? उत्तर 'नाही' किंवा 'आठवत नाही' असं असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: "ही तपासणी करून अ‍ॅड्रिनलचा दोष वगळला आहे का?" मूल व्हायचा विचार चालू असेल, तर हा प्रश्न त्याआधीच विचारा.